उशिरा येणारी गाडी आणि उतारूचा दावा

आगगाडीस उशीर झाला म्हणून उतारूनें नुकसानभरपाई मागावी, ही गोष्ट आमच्याकडील कित्येक शहाण्यासुरत्या लोकांस अजून हास्यास्पद वाटते. पाऊस लांबला म्हणून वरुणावर फिर्याद गुदरण्यासारखेंच तें त्यांस वाटतें. "गाडी म्हटली कीं ती थोडीबहुत उशिरा यावयाचीच; त्यांत कोर्टांत जाण्यासारखें एवढें काय आहे?" हा प्रश्न आम्हीं गाडीच्या डब्यांत ऐकिला आहे, कचेरींत ऐकिला आहे, आणि खेदाची गोष्ट ही कीं, वकिलांच्या बैठकींतही ऐकिला आहे. विचारणारा गृहस्थ बहुधा सुस्वभावी असतो, आणि बहुधा त्याला त्या दिवशीं कोठें वेळेवर जावयाचें नसतें. अशा सुस्वभावी माणसांच्या सोशिकपणावर जें खातें इतकीं वर्षें पोसलें, त्याच्या युक्तिवादाचा आज परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वादाचें मूळ एका लहानशा प्रकरणांत आहे. राजस्थानांतील अलवार येथील एक कुटुंब २०१६ सालच्या जून महिन्यांत अजमेर-जम्मू गाडीनें काश्मिरास निघालें. गाडी जम्मूस सकाळीं ८ वाजून १० मिनिटांनीं पोंचावयाची. तेथून श्रीनगरचें विमान दुपारीं १२ वाजतां सुटावयाचें. मध्यें जवळजवळ चार तासांचा अवकाश ठेवणारा मनुष्य अविचारी होता असें कोणी म्हणूं नये. गाडी आली ती बाराच्या सुमारास. विमान अर्थातच गेलें. मंडळींस टॅक्सी करून डोंगरांतल्या रस्त्यानें श्रीनगर गांठावें लागलें, तिचे पंधरा हजार रुपये पडले, आणि दल सरोवरांतील नौकेसाठीं आगाऊ भरलेले पैसेही बुडाले. जिल्हा ग्राहक मंचानें सारी मिळून तीसपस्तीस हजारांची भरपाई देवविली. उत्तर-पश्चिम रेल्वेनें राज्य आयोगाकडे धांव घेतली. तेथें ती हरली. राष्ट्रीय आयोगाकडे गेली, तेथेंही हरली. तेव्हां ह्या तीसपस्तीस हजारांसाठीं सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल सर्वोच्च न्यायालयांत उभे राहिले, आणि ६ सप्टेंबर २०२१ रोजीं न्यायमूर्ति एम. आर. शहा व न्यायमूर्ति अनिरुद्ध बोस यांनीं तेंही अपील फेटाळून लाविलें. एका टॅक्सीच्या भाड्यापायीं पांच वर्षें आणि चार न्यायासनें! उतारूचे चार तास कवडीमोल, परंतु खात्याचा हट्ट मात्र लाखमोलाचा, असा हा हिशेब आहे.

आतां खात्याचें म्हणणें काय होतें तें पाहूं. इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनच्या कोचिंग टॅरिफ क्रमांक २६ मध्यें ११४ व ११५ या अंकांचे दोन नियम आहेत. त्यांचा भावार्थ असा कीं, गाडी ठरल्या वेळीं सुटेल वा पोंचेल अशी हमी रेल्वे देत नाहीं, आणि उशिरामुळें कोणाचें नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी तिजवर नाहीं. म्हणजे एका हातानें वेळापत्रक छापावयाचें, तें भिंतीवर लावावयाचें, उतारूनें त्यावर भरंवसा ठेवून तिकीट काढावें अशी अपेक्षा करावयाची. आणि दुसऱ्या हातानें, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या एका जाड्या पुस्तकांत लिहून ठेवावयाचें कीं, भिंतीवर लाविलें तें कांहींच नव्हे! तिकीट काढणाऱ्या हजारांतील एकानें तरी हें टॅरिफ कधीं डोळ्यांनीं पाहिलें असेल काय? ज्या अटी एका पक्षानें लिहिल्या आणि दुसऱ्यानें कधीं वाचल्याच नाहींत, त्यांस करार हें नांव देणें म्हणजे भाषेचा अपमान होय.

हा युक्तिवाद नवा आहे असेंही नाहीं. ज्या देशांतून आगगाडी आमच्याकडे आली त्याच देशांतून तोही आला, आणि तेथें तो दीडशें वर्षांपूर्वींच मोडीत निघाला. १८५६ सालीं इंग्लंडांत डेंटन नांवाच्या उतारूनें ग्रेट नॉर्दर्न कंपनीवर दावा केला. वेळापत्रकांत छापलेली पीटरबरोहून हल्लकडे जाणारी सायंकाळची जोडगाडी प्रत्यक्षांत बंद झालेली होती, आणि त्यामुळें त्याची हल्ल येथील भेट चुकली. कंपनी जबाबदार आहे असें न्यायालयानें ठरविलें. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवून तेव्हां अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. पुढें १८७६ सालीं ल ब्लांश याचा प्रसिद्ध दावा निघाला. हा गृहस्थ लिव्हरपूलहून स्कारबरोस निघाला. गाडीस उशीर झाला, पुढची गाडी चुकली. तेव्हां त्यानें यॉर्क येथें साडेअकरा पौंड मोजून स्वतःकरितां स्वतंत्र गाडी सोडवून घेतली आणि तो खर्च कंपनीकडे मागितला. तेथेंही कंपनीच्या छापील अटींत 'वेळेबद्दल आम्ही जबाबदार नाहीं' अशा अर्थाची मखलाशी होतीच. वेळ पाळण्याची योग्य ती काळजी घेण्याचें बंधन तेवढ्यानें सुटत नाहीं, असें न्यायाधीशांनीं सांगितलें. परंतु गृहस्थाचें काम कांहीं निकडीचें नव्हतें. कंपनीच्या खिशाला चाट नसती तर त्यानें स्वतःच्या पैशानें असा थाट केला असता काय, हा प्रश्न विचारून त्यांनीं स्वतंत्र गाडीचा खर्च नामंजूर केला.

हा निकाल आम्हांस फार मार्मिक वाटतो. भरपाई मागणाऱ्यास तो शहाणपणही शिकवितो. अलवारच्या कुटुंबास ही कसोटी लावून पाहावी: विमान चुकल्यावर मनुष्य स्वतःच्या पैशानें टॅक्सी करून श्रीनगरास गेला असता काय? अर्थात् गेला असता. दुसरें करण्यासारखें होतें काय? त्याच्या आदल्याच वर्षीं, १८७५ सालीं, हॉब्ज नांवाच्या इसमास बायकामुलांसह भलत्याच स्थानकावर उतरविण्यांत आलें आणि मध्यरात्रीं भुरभुर पावसांतून चारपांच मैल चालावें लागलें. त्या त्रासाबद्दल आठ पौंड कायम झाले. पण पत्नीस पडसें झालें त्याबद्दलचे वीस पौंड, हा फार दूरचा परिणाम, म्हणून काढून टाकण्यांत आले. उतारूचा हक्क मान्य करावयाचा आणि त्याची सीमाही आंखावयाची, ही कामगिरी व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या न्यायाधीशांनीं दहापांच वर्षांत उरकली. आमचें रेल्वे खातें २०२१ सालीं त्या रस्त्याच्या आरंभींच उभें होतें.

सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक उशिराबद्दल पैसे मिळतील असें म्हटलेलें नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण ह्या निकालाचें भूत उभें करून 'आतां रेल्वेचें दिवाळें वाजणार' अशी ओरड करणारे कांहीं हितचिंतक आम्हांस भेटले आहेत. न्यायालयानें म्हटलें तें इतकेंच: उशीर कां झाला हें रेल्वेनें समजावून द्यावें, आणि तीं कारणें आपल्या आवांक्याबाहेरचीं होतीं हें शाबीत करावें; तें न केल्यास ती भरपाईस पात्र. अलवारच्या प्रकरणांत तिनें एकही कारण पुराव्यानिशीं पुढें मांडलें नव्हतें. धुकें होतें, रूळ वाहून गेले होते, संप होता, कांहीं म्हणजे कांहीं नाहीं. 'उशीर झाला, बरें मग?' हाच सारा बचाव.

आमच्या मतें ह्या निकालाचा गाभा रुपयांत नसून ह्या पुराव्याच्या ओझ्यांत आहे. गाडी कां अडली हें ठाऊक कोणास असतें? डब्यांतल्या उतारूस खिडकींतून एक लाल सिग्नल, एक बाभळीचें झाड, आणि शेजारच्या रुळावरून डौलानें जाणारी मालगाडी, एवढेंच दिसतें. कंट्रोल कचेरींतील तक्त्यावर मात्र मिनिटामिनिटाची नोंद असते. कोणत्या स्थानकाच्या अलीकडे किती मिनिटें बुडालीं, आणि तीं सिग्नलवाल्यांच्या नांवें मांडावयाचीं कीं इंजिनवाल्यांच्या कीं रुळांच्या डागडुजीच्या, यावर खात्याखात्यांत नित्य तंटे होत असतात. म्हणजे आपसांत हिशेब चोख. उतारूनें विचारलें कीं हात वर! जी गोष्ट एकाच पक्षास विशेषेंकरून ठाऊक, ती शाबीत करण्याचा भार त्याच पक्षावर, हें तत्त्व आमच्या कायद्यांत १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यापासून चालत आलें आहे. त्याची आठवण करून देण्यास देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनाची गरज पडावी, हीच शोचनीय गोष्ट आहे.

दुसरी एक पळवाट खात्याचे वकील पुनःपुन्हा पुढें करीत आले आहेत. ती ही कीं, रेल्वेविरुद्धच्या तक्रारींसाठीं १९८७ च्या कायद्यानें स्वतंत्र रेल्वे दावा न्यायाधिकरण नेमलें असल्यामुळें ग्राहक मंचांस त्यांत हात घालण्याचा अधिकार नाहीं. परंतु तो कायदा उघडून पाहिला तर तेथें मालाचें नुकसान आहे, अपघातांतील मृत्यु व जखमा आहेत, भाड्याचा परतावा आहे. उशिरामुळें उतारूचें जें नुकसान होतें त्याचें नांवही नाहीं. तेव्हां ज्या दारास आंत खोलीच नाहीं त्या दाराकडे बोट दाखवून, 'तिकडे जा, येथें येऊं नका,' असें सांगण्यांतला हा प्रकार आहे.

खात्यास वेळेची किंमत कळत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. ती त्यास उत्तम कळते. फक्त ती दुसऱ्याच्या वेळेस लागू करावयाची इतकेंच. व्यापाऱ्यानें वाघिणींतून माल उतरवून घेण्यास ठरल्यापेक्षां अधिक वेळ लाविला कीं तासागणिक डेमरेज सुरू होतें; तेथें 'वेळेची हमी देतां येत नाहीं' असें व्यापाऱ्यास म्हणतां येत नाहीं. उतारूच्या बाबतींतही तेंच. २०१५ सालीं केलेल्या परताव्याच्या नियमांत गाडी सुटण्यापूर्वीं ४८ ते १२ तासांच्या दरम्यान पक्कें तिकीट रद्द केलें तर चौथाई भाडें गेलें, १२ ते ४ तासांच्या दरम्यान केलें तर निम्मे गेलें, आणि त्याच्याही अलीकडे आलें तर सारेंच बुडालें, अशी तासातासाची पायरी बांधून दिली. कां? तर आयत्या वेळीं रिकामी झालेली जागा खात्यास भरतां येत नाहीं म्हणून. कारण रास्त आहे. पण मग गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटत असेल तर प्रवास न करणाऱ्यास पुरतें भाडें परत मिळेल, एवढेंच औदार्य त्याच नियमांनीं दाखविलें, त्यास काय म्हणावें? प्रवास न करण्याची ज्याला सोय आहे त्यालाच हें दान! बहीण अत्यवस्थ आहे म्हणून निघालेला, परीक्षेस निघालेला, मुलाखतीस निघालेला मनुष्य स्थानकावर तिष्ठत बसतो आणि शेवटीं त्याच गाडीनें जातो, त्याच्या पदरीं कांहीं नाहीं.

ह्यावर एक ठरीव उत्तर मिळतें, आणि तें बिनतोड आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. तें म्हणजे भाड्याच्या स्वस्ताईचें. रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच काय ती वसुली करते, असें वाक्य खुद्द तिकिटावर छापलेलें वाचकांनीं पाहिलें असेल. आम्ही तें वाचतों तेव्हां आमच्या मनांत एकच प्रश्न येतो: हें उतारूस सांगण्याचा हेतु काय? रेशनच्या दुकानांत धान्य स्वस्त मिळतें. म्हणून दुकानदारानें मापांत मारावें काय? सवलत सरकारनें दिली आहे, ती करदात्याच्या पैशांतून दिली आहे, आणि तो करदाता म्हणजे पुष्कळदां तोच उतारू. स्वस्त भाड्याच्या मोबदल्यांत त्यानें आपला काळ गहाण टाकिला आहे असें कोणत्या कायद्यांत लिहिलें आहे? शिवाय पैशाच्या तंगीनें गाड्या रेंगाळतात म्हणावें, तर नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा २०२२ सालीं सादर झालेला अहवाल निराळेंच सांगतो. २००८ ते २०१९ या काळांत सुमारें अडीच लाख कोटि रुपये पायाभूत कामांत घालूनही गाड्यांच्या गतींत म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाहीं, असा त्याचा ठपका आहे. नाचतां येईना अंगण वांकडें, असें म्हणावें तर अंगणही नवें करून दिलेलें!

त्याच अहवालानें आणखी एका गमतीकडे लक्ष वेधलें. गाडी वेळेवर आली कीं नाहीं हें आमच्याकडे शेवटच्या स्थानकावरून ठरवितात, आणि तेथें ती पंधरा मिनिटांच्या आंत पोंचली तर ती वेळेवरच. मधल्या स्थानकांवर उतरणारे लोक हे जणूं उतारू नव्हतच. आणि शेवटच्या दोनतीन स्थानकांच्या दरम्यान वेळापत्रकांत एवढी सैल जागा ठेविलेली असते कीं, तेंच अंतर उलट दिशेनें कापणाऱ्या गाडीशीं ताडून पाहिलें असतां हंसूं यावें. दोन तास रखडलेली गाडी शेवटीं एकाच तासाच्या उशिरानें पोंचते, आणि 'गाडीनें एक तास भरून काढला' म्हणून भोळा उतारू मोटरमनची तारीफ करितो.

निसर्गापुढें उपाय नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु कोंकण रेल्वे दर पावसाळ्यांत निराळें वेळापत्रक छापते, गाड्यांचा वेग उतरविते, आणि तसें आधीं सांगते, ही गोष्ट येथें विचारांत घेण्याजोगी आहे. दरडींचा धोका ठाऊक आहे, म्हणून उतारूस आगाऊ सूचना. ह्यांत कोणाची तक्रार नाहीं. मग उत्तरेकडील डिसेंबर-जानेवारीचें धुकें हें दर वर्षीं नव्यानेंच उद्भवणारें संकट आहे काय? यूरोपांतही हा वाद झाला. २०१३ सालीं तेथील न्यायालयानें ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या प्रकरणांत असा निवाडा दिला कीं, दैवी आपत्तीचें कारण सांगूनही भाड्याचा ठराविक अंश परत करण्याचें टाळतां येणार नाहीं. कारण तो अंश म्हणजे न दिलेल्या सेवेची किंमत आहे, दंड नव्हे. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. तेथील कंपन्यांनीं मात्र स्वस्थ न बसतां कायदाच बदलून घेतला, आणि जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत असाधारण परिस्थितीची सवलत शिरली. तेव्हां उतारूचा हक्क एकदां मिळाला कीं तो चिरकाल टिकतो, अशा भ्रमांत आपणही राहूं नये.

एक आक्षेप मात्र असा आहे कीं, तो थट्टेवारी नेतां येणार नाहीं. उशिरास पैशाचा दंड लाविला तर गाड्या भरधांव हांकल्या जातील आणि लोक प्राणास मुकतील, हा तो आक्षेप. जपानांत २५ एप्रिल २००५ रोजीं आमागासाकी येथें असेंच घडलें. तेवीस वर्षांचा चालक, गाडी सुमारें दीड मिनिट मागें पडलेली, आणि उशीर केल्याबद्दल वरिष्ठांकडून होणाऱ्या मानहानीची धास्ती. ज्या वळणावर ताशीं ७० किलोमीटरची मर्यादा होती तेथें गाडी ११६ च्या वेगानें शिरली आणि चालकासह १०७ माणसें मेलीं. आम्हीं ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. परंतु तिजवरून निघतें तें आक्षेपकांच्या उलट आहे. तेथें शिक्षा चालकास होत होती, कंपनीस नव्हे. मिनिटाचा राग खालच्या माणसावर काढावयाचा आणि ज्यांनीं वेळापत्रक आंखलें, वळणावर गाडी आपोआप रोखणारें यंत्र बसविण्यास विलंब लाविला, त्यांस मोकळें सोडावयाचें, ह्या व्यवस्थेनें तीं माणसें मारिलीं. भरपाई जर तिजोरींतून जाणार असेल आणि मोटरमनच्या पगारास तिचा स्पर्शही होणार नसेल, तर तिची कळ जेथें विचार होतो तेथेंच पोंचेल.

आतां आमच्या पक्षाच्या लोकांसही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. ग्राहक मंचांपुढील दाव्यांत 'मानसिक त्रास' या सदराखालीं पांच हजारांपासून वाटेल त्या आंकड्यापर्यंत मागण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. त्या सदरामुळें खरा दावाही खोटा दिसूं लागतो, आणि न्यायाधीशास मन मोजण्याचें भलतेंच काम करावें लागतें. त्याहून मोठा दोष असा कीं, असे दावे ज्यांच्याजवळ पावती आहे त्यांनाच साधतात. विमानाचें तिकीट दाखवितां येतें, टॅक्सीचें बिल दाखवितां येतें. कसाऱ्याहून अथवा कर्जतहून रोज मुंबईस येणारी बाई महिन्यांतून चार वेळां कारखान्याच्या दारांत पांच मिनिटें उशिरा पोंचते आणि तिची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. तिनें कोणती पावती दाखवावी? अलवारच्या निकालानें तिला कांहींही दिलेलें नाहीं. देऊं शकत नव्हता. न्यायालयापुढें ती नव्हतीच.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, दाव्यांची संख्या वाढविण्यांत पुरुषार्थ नाहीं. भरपाईचा ठराविक दर बांधून टाकिला पाहिजे, आणि तो मागावयास न लावतां दिला पाहिजे. हें अशक्य नाहीं. इंग्लंडांत २००७ पासून 'डिले रिपे' ही पद्धत रूढ झाली. तीत अर्ध्या तासाच्या उशिरास एकेरी भाड्याचें निम्मे, एक तासास पूर्ण भाडें, असा दर ठरलेला आहे, आणि कित्येक कंपन्या पंधरा मिनिटांसही चौथाई देतात. उशिराचें कारण काय, ह्याचा तेथें खलच होत नाहीं. तीत दोष हा कीं उतारूस स्वतः अर्ज करावा लागतो, आणि न करणारेच पुष्कळ. आमच्याकडे तिकिटें खात्याच्याच यंत्रावर निघतात, उशीर त्याच्याच यंत्रावर नोंदला जातो, आणि तिकीट रद्द केल्यास पैसे खात्यांतून खात्यांत आपोआप परत जातात. मग उशिराचे पैसे तेवढे कोठें अडावे?

आणि हें आमच्याकडे झालेंच नाहीं असें नाहीं. ऑक्टोबर २०१९ मध्यें लखनौ-दिल्ली तेजस गाडी सुरू झाली, तिच्यामागून जानेवारी २०२० मध्यें अहमदाबाद-मुंबई तेजस आली. आणि दोहोंस नियम असा होता कीं, एका तासाहून अधिक उशीर झाल्यास शंभर रुपये, दोन तासांहून अधिक झाल्यास अडीचशें. खटला नाहीं, पुरावा नाहीं, टॅरिफचें पुस्तक नाहीं. जो नियम अलवारच्या उतारूस लागू करणें अशक्य म्हणून त्याच सुमारास खातें एका न्यायासनाकडून दुसऱ्याकडे फिरत होतें, तोच नियम भारी भाड्याच्या दोन गाड्यांस सुखानें लागू होता. आणि त्यापायीं रेल्वे बुडाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें ती योजना बंद करण्यांत आली. साऱ्या गाड्यांस लावावयाची ती दोन गाड्यांवरूनही उठली. ती कां उठविली, हें विचारण्याचा अधिकार लोकसभेंतील आमच्या प्रतिनिधींस आहे. आणि महाराष्ट्रांतून तेथें गेलेल्या अठ्ठेचाळीसांपैकीं निदान ज्यांच्या मतदारसंघांत कसारा, कर्जत आणि पालघर येतात, त्यांनीं तो प्रश्न येत्या अधिवेशनांत विचारावा, अशी आमची मागणी आहे.